शिवाजी पार्कची लाल धूळ: आठवणीतलं मैदान दुरुस्त करताना

दादरच्या शिवाजी पार्कच्या धुळीवर चर्चा सुरू झाली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘आमच्या लहानपणी अशी धूळ नव्हती.’ दुसरं, ‘लाल मातीत लोळल्याशिवाय पार्क कसलं?’ कधी कधी दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी. दोन्ही वाक्यं मनापासून येतात आणि एकमेकांना छेद देतात. हे मैदान दुरुस्त करायचे आजवरचे प्रयत्न बऱ्याच अंशी याच दोन वाक्यांमध्ये अडकले. म्हणून या प्रकरणात माती, पाणी, गवत यांचा हिशेब मांडायचा आहे आणि त्याच्या बरोबरीने आठवणींचाही. जुन्या मैदानाचं वर्णन म्हणून आपण आठवणींकडे पाहतो, पण त्या नेमकं काय सांगतात आणि काय गाळतात हे तपासल्याशिवाय डंपर बोलावला की पैसा मातीत जातो.

मैदानाची माहिती

१९२५ साली मुंबई महापालिकेने हे मैदान ‘माहीम पार्क’ म्हणून खुलं केलं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. क्षेत्रफळ साधारण २८ एकर, म्हणजे १ लाख १३ हजार चौरस मीटरच्या आसपास. भोवती बसायचा दगडी कट्टा आणि झाडांची रांग. आत शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, बंगाल क्लब, स्काउट हॉल, गणेश मंदिर, नाना-नानी पार्क आणि १९६६ मध्ये बसवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. पश्चिमेला सावरकर मार्ग आणि तो ओलांडून चार पावलांवर समुद्र. धुळीच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

आसपासच्या शाळांसाठी हे मैदान म्हणजे खेळाचा तास. १९४०ची बालमोहन विद्यामंदिर तर पार्काला लागूनच. दादरसारख्या दाट वस्तीत शाळेला स्वतःचं मोठं क्रीडांगण असणं ही चैन आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण असावं असं लिहिलेलं असलं तरी १९४०-५०च्या दशकात चार मजले उभे करून बसलेल्या शाळेने ते आता कुठून आणायचं? म्हणून इथल्या माजी विद्यार्थ्यांच्या मनात शाळा आणि पार्क वेगळे काढता येत नाहीत. मधली सुट्टी, पी.टी.चा तास, कवायत, क्रीडामहोत्सव, शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, सगळं याच मातीत. पार्कात फावडं मारलं की कुणाच्या तरी शाळेला लागतं.

क्रिकेटचा भार वेगळाच. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांची नेट इथे लागत. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यात ६६४ धावांची नाबाद भागी केली. ती झाली आझाद मैदानावर, पण तिची तयारी या मैदानातली, असं दादरकर अधिकाराने सांगतात. डिसेंबर २०२४ मध्ये सरांचं स्मारकही पार्कातच उभं राहिलं. अशा मैदानावर ‘आता इथली माती बदलू’ म्हणणं किती अवघड असेल याची कल्पना यावी.

तक्रार काय, आणि आजवर काय केलं

पावसाळा संपून महिनाभर झाला की मैदानाचा वरचा थर सुटतो. संध्याकाळी नेट, सामने आणि फिरायला येणारी माणसं यांच्या पायाखाली त्याची भुकटी होते आणि वारा ती समोरच्या इमारतींमध्ये नेतो. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर तांबूस थर. ज्येष्ठांना आणि दमा असलेल्या मुलांना त्रास. रहिवाशांचा मुख्य आक्षेप असा की ही माती मैदानाची मूळची नव्हे, गेल्या काही वर्षांत वरून आणून टाकलेली आहे.

महापालिकेने पर्जन्यजल संधारणाचा प्रकल्प केला. रिंगवेल, म्हणजे कड्या रचून बांधलेल्या विहिरी, खणल्या, तुषार सिंचनाची व्यवस्था घातली, गवत लावलं. गवत टिकलं नाही. नंतर पाण्याचा फवारा मारणारी यंत्रं आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने लक्ष घातलं, आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला, वरचा थर काढायचा की राखायचा यावर मतं पडली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कुणी काही करतच नाही. तसं नाही. बरंच केलं गेलं, पण प्रत्येक उपाय मैदानाच्या एकाच ऋतूला धरून होता.

मातीचं गणित

लाल मातीचा आग्रह येतो खेळपट्टीमुळे, आणि तो रास्त आहे. मुंबईची लाल मातीची खेळपट्टी उसळी देते. पण खेळपट्टी केवढी? २२ यार्ड लांब, १० फूट रुंद, म्हणजे २०.१२ बाय ३.०५ मीटर. क्षेत्रफळ ६१ चौरस मीटरच्या जरा वर. हिशेबासाठी पार्कात ३० खेळपट्ट्या धरल्या तरी १,८५० चौरस मीटर होतात. गोलंदाजांच्या धावपट्ट्या आणि कडेची जागा धरून दुप्पट करा, ४,००० चौरस मीटरही भरत नाहीत. म्हणजे मैदानाच्या चार टक्क्यांहून कमी. उरलेल्या ९६ टक्क्यांवर लाल माती असण्याचं क्रिकेटमधलं काही कारण नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळपट्टीची माती मुळात धूळ करत नाही. तिच्यात चिकणमातीचा अंश भरपूर असतो. ती भिजवतात, वाफसा आला, म्हणजे नेमका ओलावा उरला, की रोलर फिरवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा रोलर. पाणी आणि दाब मिळाले की तिचे कण एकमेकांना घट्ट धरतात. तीच माती पाण्यावाचून आणि रोलरवाचून नुसती पसरली की पहिल्या आठवड्यात ढेकळं, दुसऱ्या आठवड्यात भुसा आणि महिन्याभरात पीठ. एकाच डंपरमधली माती एका जागी दगडासारखी बसते आणि वीस पावलांवर उडते. दोष मातीत नाही, ती जिथे पसरली त्या जागेत आहे.

आता पसरण्याचा हिशेब. मोकळा भाग १ लाख चौरस मीटर धरू. त्यावर एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर थर द्यायचा तर २,५०० घनमीटर माती लागते. १० घनमीटरचा डंपर धरला तर अडीचशे खेपा. उलट दिशेने, सहा इंचांचा थर काढायचा ठरवला तर १५,००० घनमीटर, म्हणजे दीड हजार खेपा. खणून सैल झालेली माती फुगते, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वीस-पंचवीस टक्के जास्त. एवढे डंपर शिवाजी पार्कच्या गल्ल्यांतून जाताना रस्त्यावर सांडणारी माती हाच वेगळा धुळीचा प्रश्न होईल. शिवाय सरसकट सहा इंच खाली गेलेलं मैदान जुलैमध्ये तळं होणार. त्यामुळे ‘सगळी माती उचला’ ही मागणी ऐकायला सोपी, करायला महाग आणि निम्मी चुकीची. काढायची ती फक्त सुटी भुकटी, जिथे साचली आहे तिथून, आणि उताराची पातळी मोजून.

नेमकी कुठे किती भुकटी आहे हे कळायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. बरणीची चाचणी शाळेतली मुलंही करू शकतात. सरळ बाजूंची काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरावी, पाणी घालावं, चिमूटभर कपड्यांची पावडर टाकावी, पाच मिनिटं जोरात हलवून सपाट जागी ठेवावी. मिनिटभरात खाली बसते ती रेती. साधारण दोन तासांत तिच्यावर बसतो तो गाळ. चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. तिन्ही थर पट्टीने मोजले की प्रमाण कळतं. उडणारा माल प्रामुख्याने मधला. नमुने मात्र निदान पाच ठिकाणचे हवेत: खेळपट्टी, नेटमागची जागा, मैदानाचा मध्य, कट्ट्यालगतची पायवाट, आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीतली झाडून घेतलेली धूळ. शेवटचा नमुना लोक विसरतात. खिडकीतली धूळ राखाडी निघाली तर ती पार्काची नाही, शेजारच्या पुनर्विकासातल्या सिमेंटची किंवा रस्त्याची. दादर-माहीममध्ये गेली काही वर्षं इमारती पाडणं, बांधणं आणि मेट्रोचं खोदकाम जोरात चाललं. सगळं पाप मैदानाच्या माथी मारलं की इलाज अर्ध्यावर फसतो.

पाणी का पुरत नाही

एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. १ लाख चौरस मीटरवर २ मिलिमीटरचा शिडकावा म्हणजे २ लाख लिटर, १० हजार लिटरचे २० टँकर. रोज. आणि २ मिलिमीटरने वरचा जेमतेम एक सेंटिमीटर भिजतो. कोरड्या महिन्यांत मुंबईत उघड्या जमिनीवरून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जायची ताकद हवेत असते. सकाळी सात वाजता मारलेलं पाणी दुपारपर्यंत संपलेलं असतं.

आणि दुपारीच खरा वारा सुटतो. जमीन तापते, समुद्रावरून पश्चिमेचा वारा आत येतो, चार ते सहाच्या दरम्यान तो जोरात असतो, नेमकी तीच खेळाची वेळ. धूळ पूर्वेकडच्या इमारतींवर जाते. सकाळी फवारा मारून फोटो छान येतो, उपयोग शून्य. पाणी मारायचं तर दुपारी अडीच-तीनला, खेळ सुरू व्हायच्या आधी, आणि तेही सगळीकडे नव्हे. नेटमागची जागा, गोलंदाजांच्या धावपट्ट्या आणि पायवाटा मिळून फार तर पंधरा-वीस हजार चौरस मीटर होतील. तिथे ३ मिलिमीटर म्हणजे ४५ ते ६० हजार लिटर. सहा टँकरांचं काम, आणि परिणाम वीस टँकरांपेक्षा जास्त.

पावसाच्या पाण्याचा हिशेब कागदावर सुखद आहे. वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस धरला तर या मैदानावर २२ कोटी लिटर पाणी पडतं. गवताला आठ महिने रोज ४ मिलिमीटर द्यायचं तर साडेनऊ कोटी लिटर लागतात. म्हणजे पडतं त्याच्या निम्म्यातही भागावं. अडचण साठवणुकीची आहे. २२ कोटी लिटर चार महिन्यांत पडतात, त्यातलं बरंच वाहून जातं आणि जमिनीत मुरलेलं सगळं परत विहिरीत येत नाही. समुद्र इतका जवळ असल्याने एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की पाणी मचूळ होण्याची भीती. म्हणून विहिरीच्या पाण्याची क्षारता निदान पंधरवड्याला एकदा मोजायला हवी. गवत पिवळं पडलं की माळ्याला बोल लावतात, दोष बऱ्याचदा पाण्यात असतो.

तुषार सिंचनाच्या नळ्यांबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. जमिनीवर उभी राहणारी तोटी क्रिकेटच्या मैदानात चार दिवस टिकत नाही, चेंडू लागतो किंवा कुणी अडखळून मोडतो. जमिनीत बसणारी आणि पाणी सुटलं की वर येणारी तोटी घ्यावी, तिला रबरी टोपण हवं, नाहीतर क्षेत्ररक्षकाचा घोटा जातो. आणि लाल माती असलेल्या मैदानात गाळणी दर आठवड्याला धुतली नाही तर महिन्यात तोट्या बुजतात. निविदेत यंत्रणेची किंमत असते, गाळणी धुणाऱ्या माणसाचा पगार नसतो.

कॅल्शियम क्लोराइडसारखी हवेतला ओलावा धरून ठेवणारी क्षारं रस्त्याच्या कामावर धूळ दाबायला वापरतात. ती सूचना इथेही अधूनमधून येते. मुलं ज्या मैदानावर गुडघे फोडून घेतात तिथे हे नको. खरचटलेल्या कातडीला झोंबतं, गवताच्या मुळांना मारतं.

धूळ न उडणारी माती प्रत्यक्ष पाहायची तर आखाड्यात जावं. तिथल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, ती रोज खणतात आणि पाणी शिंपडून मऊ ठेवतात. पैलवान पडला तरी ढग उठत नाही. पण ती माती छप्पराखाली, काही चौरस मीटरचीच आणि रोज हात फिरणारी. २८ एकरांना तेल पाजता येत नाही.

आठवणींची उलटतपासणी

आता पहिल्या वाक्याकडे. ‘आमच्या लहानपणी धूळ नव्हती’ हे खोटं नाही. पण ते कुठल्या महिन्याबद्दल आहे?

माणसाच्या स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट सातत्याने दिसली आहे: चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या गोष्टी बाकीच्या वर्षांच्या मानाने जास्त आठवतात. म्हणजे शाळा-कॉलेजातलं मैदान आपोआप ठळक होतं. त्यात भर म्हणून पार्काच्या आठवणी ठरावीक ऋतूंत साचतात. शाळा जूनमध्ये सुरू होत. १९४८ पासून चाललेली कांगा लीग ही क्लबांची क्रिकेट स्पर्धा मुंबईच्या पावसाळ्यात खेळली जाते. गुडघाभर गवतात हरवलेला चेंडू, चिखलाने माखलेले पांढरे कपडे, उसळी न घेणारी ओली खेळपट्टी. हे सगळं जुलै ते सप्टेंबरचं. तेव्हा धूळ कुठून असणार?

आणि मे महिना? दादर-गिरगाव-परळची मराठी मुलं मे महिन्यात मुंबईत असतच कितीशी? परीक्षा संपली की एसटी किंवा बोटीने कोकणात, नाहीतर घाटावर आजोळी. परत येत ती शाळा उघडायच्या आत पुस्तकांना कव्हरं घालायला, पहिल्या पावसाच्या तोंडावर. मैदान सगळ्यात कोरडं, सगळ्यात भकास असतं तो महिना त्या पिढीच्या बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. आज उलट आहे. गावची घरं बंद, सुट्टीत मुलं मुंबईतच, आणि उन्हाळी शिबिरं भरतात ती नेमकी एप्रिल-मेमध्ये. मैदानावर सगळ्यात जास्त पाय तेव्हाच पडतात जेव्हा ते सगळ्यात दुबळं असतं. आठवणीतलं मैदान आणि आजचं मैदान यांतला मोठा फरक मातीत नाही, तो या वेळापत्रकात आहे. धुळीवरच्या बैठकांत हे बोललं जात नाही, कारण शिबिरांवर बोट ठेवलं की अनेकांचं पोट आणि अनेकांच्या मुलांची सोय दुखावते.

तरीही जुन्या आठवणी टाकून द्यायच्या नाहीत. नीट विचारल्या तर त्यांतून मैदानाचा नकाशा मिळतो. रीत अशी. पार्काचा एक मोठा आराखडा छापून घ्यावा, त्यावर न हललेल्या खुणा ठेवाव्यात: जिमखाना, स्काउट हॉल, मंदिर, व्यायाम मंदिर, पुतळा. माजी विद्यार्थ्यांना ‘मैदान कसं होतं’ असं विचारू नये. त्याचं उत्तर नेहमी ‘छान होतं’ असंच येतं. विचारावं: तुमची खेळपट्टी कुठे होती, बोट ठेवा. कुठला महिना? बूट होते की अनवाणी? घरी गेल्यावर मोजे कुठल्या रंगाचे? पाणी कुठे साचायचं? चेंडू कुठे हरवायचा? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सोन्याच्या मोलाची, कारण पाणी साचायची जागा म्हणजे जुना उतार आणि चेंडू हरवायची जागा म्हणजे जुनं गवत.

साल कुणाला आठवत नाही. मग दुसऱ्या खुणा धराव्या. पुतळ्याच्या आधी की नंतर? गिरणी संपाच्या, म्हणजे १९८२च्या आधी की नंतर? त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप झाला होता का? उत्तरं ऋतूप्रमाणे तीन ढिगांत टाकावी: जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते जानेवारी, फेब्रुवारी ते मे. तिसरा ढीग रोडका निघेल, त्याचं कारण वर आलंच आहे. एकाच बॅचच्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नये. पहिला जे बोलतो त्यावर बाकीचे माना डोलावतात आणि घरी जाताना ती सगळ्यांचीच आठवण झालेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको. तिथे तासाभरात विषय बटाटेवड्यावर जातो. आणि मुलींना विचारावं. मैदानाच्या इतिहासात त्यांना कुणी विचारत नाही, पण कट्ट्यालगतच्या सावलीत लंगडी आणि दोरीच्या उड्या कुणाच्या चालत, आणि ती पट्टी मधल्या मैदानापेक्षा वेगळी होती का, हे त्याच सांगू शकतात.

मोठेपणी मैदान लहान वाटतं, ही तक्रार मात्र नोंदीत घेऊ नये. पार्क तेवढंच आहे.

गवत का मेलं

महाराष्ट्रात मैदानासाठी हरळीइतकं चिवट गवत दुसरं नाही. ऊन सोसते, थोडे क्षार सोसते, पाणी तुटलं तर पिवळी पडून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा फुटते. पण तिच्या काड्या लावल्यापासून मुळं नीट धरायला आठ ते दहा आठवडे जातात आणि तेवढे दिवस तिच्यावर पाय पडता कामा नये. शिवाय वरची निदान १५ सेंटिमीटर जमीन भुसभुशीत हवी, निम्म्याहून जास्त रेती, बाकी पोयटा, म्हणजे सुपीक गाळाची माती, आणि कुजलेलं शेणखत. दाबल्या गेलेल्या लाल मातीवर लावलेली हरळी वरवर हिरवी दिसते, तिची मुळं दोन बोटांखाली जात नाहीत. नोव्हेंबरात ती मरणारच.

जमीन दाबली जाते ती मुख्यतः वाहनांनी. खेळाखेरीज इतर कार्यक्रमांसाठी या मैदानाला वर्षातले ४५ दिवस ठरवून दिले आहेत. दसऱ्याचा मेळावा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांची मुक्कामाची सोय, २६ जानेवारी आणि १ मेचं संचलन. ही या मैदानाची ओळख आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जिथे झाल्या त्या मैदानाला फक्त क्रिकेटचं म्हणणं हा खोटेपणा होईल. एखाद्या दिवसाच्या गर्दीच्या पायांनी जमीन ट्रकाइतकी दाबलीही जात नाही. बिघडतं ते मंचाचं सामान वाहणाऱ्या ट्रकांनी, त्यांच्या वाटेसाठी टाकलेल्या खडीने आणि मांडवाच्या खांबांच्या न बुजवलेल्या खड्ड्यांनी. दसरा येतो ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे जूनमध्ये लावलेली हरळी जेमतेम धरते तोच. उपाय महागडा नाही: ट्रकांसाठी एकच कायमचा मार्ग, तो कडेने, मुरूम दाबून पक्का केलेला, आतल्या भागात लोखंडी पत्रे किंवा प्लास्टिकच्या जाळ्या टाकल्याशिवाय चाक नाही, आणि कार्यक्रमानंतर खडी उचलून, चुंबकाने खिळे काढून, जमीन काट्याने उकरून दिल्याशिवाय अनामत परत नाही.

काय करता येईल

संपूर्ण मैदान एका वर्षात हिरवं करायचा नाद सोडावा. चार भाग करावेत, दर पावसाळ्यात एक भाग बंद. त्या भागातली लाल भुकटी खरवडून ती फेकायची नाही, चाळून खेळपट्ट्यांना वापरायची. तिथे ती माती हवीच आहे. उकरलेल्या जमिनीत रेती आणि खत मिसळून हरळी लावायची. बाकीच्या तीन भागांत खेळ चालू. खेळपट्ट्या आणि नेटची जागा लालच राहील, तिथे दुपारचं पाणी आणि रोलर. कट्ट्यालगतची पायवाट कधीच गवताची होणार नाही, हजारो पाय रोज पडतात, तिथे मुरूम दाबून त्यावर बारीक रेतीची कच टाकावी. कोरड्या झाडूने पहाटे झाडणं आजच बंद करता येईल. गोळा होणाऱ्या कचऱ्याहून जास्त धूळ त्याने उडते.

मोजमाप आधीपासून हवं. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. एक यंत्र मैदानाच्या पूर्वेला, एक पश्चिमेला, असं वर्षभर ठेवलं तर दुपारच्या वाऱ्यात दोन्हींतला फरक म्हणजे ढोबळमानाने पार्काचा वाटा. एकाच यंत्राचा आकडा दाखवून मैदानाला दोषी किंवा निर्दोष ठरवणं हा वकिलीचा प्रकार झाला. हिवाळ्यात वारा पडतो, हवा खाली दबून राहते, तेव्हा अख्ख्या मुंबईचे आकडे चढतात. डिसेंबरचा आकडा ऑगस्टशी ताडून ‘प्रकल्प फसला’ किंवा ‘यशस्वी झाला’ म्हणू नये. डिसेंबर गेल्या डिसेंबरशी ताडावा.

वेळापत्रकाची गाठ मात्र सुटायला अवघड आहे. जमीन उकरायची तर १ मेचं संचलन आटोपल्यावर, आणि काड्या लावायच्या तर जूनच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर. मधे मिळतात साधारण ४० दिवस. त्यासाठी कार्यादेश मार्चपर्यंत हातात हवा, म्हणजे निविदा डिसेंबर-जानेवारीत निघायला हवी, आणि आठवणींचा नकाशा आणि बरणीच्या चाचण्या त्याच्या आधीच्या दिवाळीत उरकायला हव्यात, जेव्हा माजी विद्यार्थी ठाणे-डोंबिवली-बोरिवलीहून कट्ट्यावर येतातच. पण हेच ४० दिवस उन्हाळी शिबिरांचे. तेव्हा पहिल्या वर्षी बंद करायचा भाग निवडताना माती कुठे सगळ्यात वाईट आहे यापेक्षा कुठली नेट कुठे हलवता येतील हे आधी ठरवावं लागेल, आणि ती बोलणी जानेवारीत शिबिरांचे अर्ज सुटायच्या आत झाली पाहिजेत.